गाजराचा हलवा कुठल्या खात्यात?

माझी हिशेबाची वही मी विकत घेतलेली नाही. ती कॅल्शियमच्या गोळ्या बनवणाऱ्या एका कंपनीची डायरी आहे. हाडांचे एक डॉक्टर ओळखीचे आहेत, त्यांच्याकडे दर जानेवारीत अशा डायऱ्यांचा ढीग पडतो, त्यातली एक माझ्या वाट्याला येते. प्रत्येक पानाच्या तळाशी मणक्याचं चित्र आणि गोळीचं नाव. दिवसभराचा खर्च लिहून मी खाली बेरीज मांडते तेव्हा तिला कायम एका कण्याचा आधार असतो. मार्च 2024 मध्ये केंद्राच्या औषध विभागाने कंपन्यांसाठी नवी आचारसंहिता काढली आणि डॉक्टरांना भेटवस्तू देणं, सहली घडवणं बंद केलं, तेव्हा देशातल्या आरोग्यव्यवस्थेचं काय होईल याआधी मला काळजी लागली ती डायरीची. पण संहिता लिहिणाऱ्यांत कुणीतरी वही लिहिणारा संसारी माणूस असावा. माहितीपर वस्तू म्हणून पुस्तकं, कॅलेंडरं आणि डायऱ्या, नगाला हजार रुपयांच्या आत, चालतील असं त्यात आहे. आमचं खातं वाचलं.

मी फिजिओथेरपिस्ट. मूळची मिरजेची. मिरजेत दोन धंदे मोठे, तंतुवाद्यांचा आणि दवाखान्यांचा, आणि दोन्हींत तारा पिळून सूर लावायचा असतो. मी दुसऱ्यात पडले. लग्नानंतर दिल्लीला आले, मयूर विहारला घर केलं, काही वर्षं एका खाजगी हॉस्पिटलात नोकरी केली आणि मग घरोघरी जाऊन पेशंट पाहायला लागले. नोकरीत हिशेबाची कटकट नव्हती. पगार एक तारखेला यायचा, वीस तारखेला संपायचा. त्यात लिहून ठेवण्यासारखं काय असतं? स्वतःचं काम सुरू केलं आणि पहिल्याच महिन्यात कळलं की आपण आता दोन बायका आहोत. एक पेशंटकडे जाते, दुसरी भाजी आणते. दोघींची पर्स एक आहे, एवढीच काय ती अडचण.

सुरुवातीला मोबाइलमधलं खर्चाचं अ‍ॅप वापरून पाहिलं. 2016 मध्ये यूपीआय आलं आणि बघता बघता दिल्लीतला भुट्टेवालासुद्धा गाड्याला कोड टांगून उभा राहिला, तेव्हा वाटलं की आता लिहायचं काय उरलं? फोनलाच सगळं ठाऊक. पण फोनला पैसे कुणाला गेले ते कळतं, कशाला गेले ते कळत नाही. चहावाल्याच्या कोडवर त्याच्या मेव्हण्याचं नाव, पंक्चरवाल्याच्या कोडवर बायकोचं. महिनाअखेर अ‍ॅप सांगायचं की तुम्ही अमुक देवींना सर्वांत जास्त वेळा पैसे दिलेत, आणि मी रात्री पंख्याकडे बघत आठवत बसायची की या देवी कोण. पेशंटची फी त्याने 'मित्र व कुटुंब' या कप्प्यात घातली. मशिनला लागणाऱ्या जेलचा कॅन ज्या दुकानातून आणला ते दुकान दिव्यांच्या बाजारात, म्हणून तो 'घरसजावट' झाला. मोहरीचं तेल अर्थातच 'किराणा'.

मोहरीच्या तेलाचं थोडं सांगायला हवं. फिजिओथेरपी म्हणजे मालिश नव्हे, हे वाक्य आम्हाला कॉलेजातून बाहेर पडताना पदवीबरोबर देतात आणि पुढे आयुष्यभर ते आम्ही लोकांना ऐकवतो. उत्तरेत मात्र घरातल्या आजीची तेलावर अढळ श्रद्धा असते. व्यायाम, स्ट्रेचिंग, मशिन सगळं झालं, सांधा चांगला वीस अंश जास्त वाकला, तरी शेवटी आजी विचारते, "बेटा, मालिश नहीं करोगी?" वाद घालण्यात जो वेळ जातो त्यापेक्षा दोन मिनिटं तेल लावलेलं स्वस्त पडतं. म्हणून माझ्या बॅगेत छोटी बाटली असते, आणि वहीत तो खर्च मी 'तह' या नावाने लिहिते.

अ‍ॅप काढून टाकलं आणि डायरीला दोन रकाने आखले, 'घर' आणि 'काम'. आखताना फार बरं वाटलं. पट्टी नीट धरली होती, रेघ सरळ आली. ती रेघ पानावर आजही सरळ आहे. खर्च तिला जुमानत नाहीत.

प्रवास घ्या. माझ्या धंद्यात एका दिवसात तीन राज्यं होतात. सकाळी नोएडाला पक्षाघाताचे आजोबा, म्हणजे उत्तर प्रदेश. दुपारी ग्रेटर कैलाशला गुडघा बदललेल्या आजी, म्हणजे दिल्ली. संध्याकाळी गुरुग्रामला लॅपटॉपपुढे मान आखडलेला तरुण, म्हणजे हरियाणा. नोएडाला जाणारा डीएनडी रस्ता 2001 मध्ये टोल लावून सुरू झाला. ऑक्टोबर 2016 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो टोल बंद केला, डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम केला. माझ्या वहीतलं हे एकमेव कलम, जे शून्यावर आणायला दोन न्यायालयांना बसावं लागलं. मेट्रोचं तिकीट ऑगस्ट 2025 पासून वाढलं, आणि वाढलं ते असं की आता टप्पे आहेत 11, 21, 32, 43, 54 आणि 64. दहाच्या पटीतले आकडे तोंडी जुळायचे. आता एका बाजूने 32, दुसऱ्या बाजूने 43, मध्ये 21, अशी हातच्याची बेरीज करत मी सरकत्या जिन्यावर उभी असते, आणि दिल्लीतले लोक मागून "मैडम, साइड" म्हणत असतात.

आणि बस? 2019 च्या भाऊबीजेला दिल्लीच्या बसमध्ये बायकांसाठी गुलाबी तिकीट सुरू झालं, पैसे न देता प्रवास. ते तिकीट पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मी वहीत खर्चाच्या रकान्यात शून्य लिहिलं. मग वाटलं, भाऊबीजेला मिळालेली वस्तू ही ओवाळणी, तिची जागा जमेच्या बाजूला. तिकीट जमेच्या पानाला टाचणीने लावून ठेवलं. माझ्या सीएने पुढे ते पाहिलं आणि काही न बोलता पान उलटलं.

सामान आणायला मी चांदनी चौकातल्या भगीरथ पॅलेसला जाते. एम्सजवळच्या युसूफ सरायमध्येही सगळं मिळतं, पण घाऊक भाव तो भगीरथ पॅलेसचा. नावातला पॅलेस खरोखरच होता. महादजी शिंद्यांच्या काळात दिल्लीच्या राजकारणात वावरलेल्या सरधन्याच्या बेगम समरूची ती हवेली. आता तिथे एका बाजूला झुंबरं आणि एलईडीच्या माळा, दुसऱ्या बाजूला औषधं, कमरेचे पट्टे, कुबड्या, बेडपॅन. टेन्स या दुखणं कमी करायच्या मशिनचे चिकटपट्टे आणि ताणायचे रबरी पट्टे घेताना मी पक्कं बिल मागते, दुकानदार दुःखी चेहऱ्याने ते फाडतो. खरेदी कामाची, यात शंका नाही. पण तिथवर गेल्यावर परतताना जिलेबी खाल्ली जाते. तिचं काय करायचं? ती कामाला गेल्यामुळे खाल्ली, पण कामासाठी खाल्ली नाही. नवरा म्हणतो, "तू घरीही खाल्ली असतीस, म्हणजे घर." मी म्हणते, "घरी बसून मी जिलेबीसाठी चांदनी चौकात गेले नसते, म्हणजे काम." या वादात जिलेबीचा खर्च अजून दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहिलेला आहे.

शेवटी सीए गाठला. लक्ष्मीनगरात, जिथे दर दुसऱ्या जिन्यावर सीएच्या परीक्षेचा क्लास आहे, एका क्लासच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. मी डायरी पुढे ठेवली. त्यांनी ती फार आदराने चाळली, एखाद्या पोथीसारखी नव्हे, एखाद्या एक्स-रेसारखी, उजेडाकडे धरून. मग त्यांनी मला आयकराच्या 1962 च्या नियमावलीतला 6 एफ हा नियम दाखवला. तो वाचून मला लिहिणाऱ्याबद्दल माया वाटली. वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्याने रोजची पेशंटवही ठेवायची. तिचा नमुना 3 सी. तो कुणासाठी, तर फिजिशियन, सर्जन, दंतवैद्य, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट, वैद, हकीम इत्यादी. त्या 'इत्यादी'मध्ये मी उभी. तारीख, अनुक्रमांक, पेशंटचं नाव, काय सेवा दिली, फी किती, कधी मिळाली. 25 रुपयांवरच्या प्रत्येक पावतीची प्रत ठेवायची. खर्चाची मूळ बिलं ठेवायची, आणि जिथे बिल मिळत नाही व खर्च 50 रुपयांच्या आत आहे तिथे आपणच व्हाउचर लिहून त्यावर आपणच सही करायची.

मला हे फार आवडलं. गेटबाहेर टपरीवर पंधरा रुपयांचा चहा प्यायचा, व्हाउचर काढायचं, 'चहा प्यायले, खरंच प्यायले' अशा अर्थाचं काहीतरी लिहायचं आणि सही ठोकायची. असं पुस्तक मी थोडे दिवस केलंही. पण ई-रिक्षात, मांडीवर बॅग, शेजारी शाळेची चार मुलं, अशा अवस्थेत स्वतःला पावती देणं हा एक वेगळाच व्यायाम आहे.

सीएंना मी विचारलं, "और पेशंट जो देते हैं, खाने का?" कारण जमेची बाजू सांगायची राहिली. दिल्लीत पेशंटच्या घरून रिकाम्या हाताने सुटका नाही. जानेवारीत रेवडी आणि गजक, थंडीभर गाजराचा हलवा, करवा चौथनंतर मठरी, दिवाळीला सुका मेवा आणि सोनपापडी. सोनपापडीचा डबा मी उघडत नाही. तो पुढच्या घरी जातो, तिथून पुढे, आणि माझी खात्री आहे की दिल्लीत एकूण थोडेच डबे आहेत व ते वर्षानुवर्षं फिरतात. मी संक्रांतीला सगळ्या पेशंटना तिळगूळ वाटते, तो खर्च कामाचा की घरचा हा वेगळा प्रश्न. सीएंनी चष्मा काढला आणि गंभीरपणे सांगितलं की 1961 च्या कायद्यातलं कलम 28(iv) म्हणतं, व्यवसायातून मिळालेला कोणताही लाभ, पैशात बदलता येवो न येवो, उत्पन्नच आहे. मग हसून म्हणाले, "मैडम, हलवे का कुछ मत कीजिए, खा लीजिए."

त्यांनीच मग खरी वाट दाखवली. 2016 च्या अर्थसंकल्पात कलम 44 एडीए आणलं. त्यानुसार छोट्या व्यावसायिकाने एकूण मिळकतीतली निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवली की पुरे. उरलेली निम्मी खर्च झालीच असं सरकार धरून चालतं. कशावर, कधी, बिल कुठाय, काही विचारत नाही. आता 2026 च्या एप्रिलपासून नवा आयकर कायदा लागू होऊन कलमांचे आकडे बदलले, पण ही सवलत त्यातही आहे. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "भारत सरकार माझ्यावर विश्वास ठेवतं." तो म्हणाला, "त्यांनी तुझ्याबरोबर सरोजिनीनगरला खरेदी केलेली नाही."

म्हणजे वहीची गरज संपली. कुणी मागत नाही, कुणी बघत नाही. आणि वही खरी तिथून पुढे मला आवडायला लागली. दाखवायची नसलेली वही खोटं बोलत नाही.

तिने मला पहिली गोष्ट सांगितली ती धुराची. दिवाळी उलटली की दिल्लीची हवा सोलून काढते. जुन्या गाड्यांवर बंदी येते, शाळा बंद होतात, आणि माझा फोन वाजायला लागतो. दम्याचे, सीओपीडीचे वृद्ध. त्यांची छाती मोकळी करायची, श्वासाचे व्यायाम घ्यायचे. नोव्हेंबरचं जमेचं पान वर्षातलं सर्वांत भरलेलं. त्याच पानाच्या उजव्या बाजूला एन-95 मास्क, घरातल्या हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचा फिल्टर, मुलीच्या खोकल्याचं औषध, आणि माझी गाडी जुनी म्हणून बंदीच्या दिवसांत टॅक्सीचं भाडं. एकच धूर दोन्ही बाजूंना. डावीकडे तो मला पैसे देतो, उजवीकडे घेऊन जातो. नोव्हेंबरची शिल्लक मी कधी धड मोजत नाही, कारण ती चांगली असली तर आनंद कशाचा मानायचा ते ठरत नाही.

दुसरी गोष्ट कळली ती वेळेची. फी लिहिली जाते पाऊण तासाची. वहीत मी येण्या-जाण्याच्या वेळा टिपायची, पेट्रोलसाठी म्हणून, आणि त्यातून दिसलं की काही घरी पाऊण तासाचा दीड तास होतो. तिथे काही अवघड व्यायाम नसतो. तिथे मुलगा कॅनडात असतो. आजोबांचा हात वर नेत मोजायचं, एक, दो, तीन, आणि प्रत्येक आकड्यामागे फाळणीनंतर लाहोरहून आलेलं एखादं माणूस येऊन बसतं. हा वेळ कुठल्या रकान्यात? फी मागावी असा तो नाही, फुकट म्हणावं तर मला तो हवा असतो.

या बाबतीत मी मोठ्या माणसांकडे दाद मागून पाहिली. गांधीजींनी 'सत्याचे प्रयोग'मध्ये लिहिलंय की लंडनला शिकताना ते पैन् पैचा हिशेब ठेवत. बसचं भाडं, टपालाची तिकिटं, वर्तमानपत्राचे दोन पैसे, सगळं, आणि रात्री निजण्याआधी ताळा करत. हाच माणूस दक्षिण आफ्रिकेत वकिली करताना रोज तास-दोन तास काढून एका धर्मादाय दवाखान्यात कंपाउंडरचं काम करायचा. आणि पुढे सेवाग्रामला, कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या अंगाला स्वतःच्या हातांनी मालिश करायचा. मालिशच, आम्ही पदवीधर ज्या शब्दावर नाक मुरडतो तीच. या मालिशीला लागलेला वेळ कुठल्या वहीत मांडलेला असेल असं मला वाटत नाही, आणि पोस्टाच्या तिकिटाचा हिशेब ठेवणाऱ्याने तो मांडला नाही, याचा मला मोठा आधार वाटतो. त्यांच्या सचिव राहिलेल्या राजकुमारी अमृत कौर स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या. 1956 मध्ये त्यांच्या पुढाकाराने दिल्लीचं एम्स उभं राहिलं. सिमल्याचं आपलं 'मॅनरव्हिल' हे घर त्यांनी एम्सच्या कर्मचाऱ्यांना आणि नर्सना सुट्टीत राहायला देऊन टाकलं. घर आणि काम यांच्यातली रेघ त्यांनी घरासकट पुसली. आपल्याला जिलेबीही पुसता येत नाही.

एक आणखी. सप्टेंबर 2025 मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढलं की फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी 'डॉक्टर' लावू नये, आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतलं. कार्डं नव्याने छापायचा खर्च मी वहीत पेन्सिलीने लिहिला होता, तो खोडरबराने पुसला. त्या दिवशी ग्रेटर कैलाशच्या आजींना मी गमतीने सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हमारे लिए तो तू मालिशवाली ही अच्छी है." मिरजेला आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, मग फी मालिशीची घेतेस की डॉक्टरची?" आईने चाळीस वर्षं दुधाच्या आणि वाण्याच्या वह्या ठेवल्यात. नेमकं दुखतं तिथे बोट ठेवायला तिला कधी शिकावं लागलं नाही. कारण वही सांगते की माझी फी गेली काही वर्षं तिथेच आहे आणि पेट्रोल मात्र हललंय. नव्या पेशंटला नवी फी सांगता येते. जुन्या आजींना, ज्यांनी मला हलव्याचा डबा धुऊन परत करू नकोस म्हणून बजावलंय, त्यांना ती कशी सांगणार?

वर्षाच्या शेवटी मी एकदा सगळी बेरीज केली आणि खर्चात पहिला नंबर कुणाचा ते पाहिलं. जेल नाही, पट्टे नाहीत, मशिनची दुरुस्ती नाही, तेल तर नाहीच. पहिला नंबर पार्किंगचा. सोसायटीच्या गेटवर गार्ड नाव, फ्लॅट, गाडीचा नंबर लिहून घेतो, वर फोन लावतो, वरून 'आने दो' येतं, आणि मग तो शांतपणे सांगतो की गाडी मात्र आत जाणार नाही, पाहुण्यांची जागा भरलीय. मग बाजाराजवळची सशुल्क जागा, तासाला इतके, आणि तिथला मुलगा म्हणतो खुल्ले नाहीत. कुठे रस्त्याकडेला लावली तर क्रेनवाले, आणि क्रेनचा दंड एका भेटीची फी गिळून वर ढेकर देतो. वर चहा तयार असतो, बिस्किटं असतात, "पहले चाय पी लो, बेटा" असतं, आणि माझं लक्ष खिडकीखाली.

तेव्हा वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरी आई-वडिलांसाठी फिजिओ, नर्स किंवा रक्ताचा नमुना घ्यायला मुलगा येत असेल, तर चहा जरूर करा, हलवा असेल तर तोही द्या. पण त्याआधी गार्डला फोन करून सांगा की त्यांची गाडी किंवा स्कूटर आत येऊ द्या. चहा आम्हाला घरीही मिळतो, तुमच्या सोसायटीतली सावलीची जागा मिळत नाही.